क्लास लावण्याआधी एक पेपर सोडवून बघा

महोदय,

दहावीचा निकाल लागला की चौकाचौकांत क्लासचे फलक लागतात आणि ‘जेईई-नीट-सीईटी’ एका दमात म्हटले जाते. पालकांची पहिली गफलत इथेच होते. या तिन्ही परीक्षांची मागणी वेगवेगळी आहे. ज्या मुलांना राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातच प्रवेश हवा आहे, त्यांच्यापुरतेच आम्ही लिहीत आहोत.

त्यांची परीक्षा म्हणजे सीईटी, राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा. तिच्यात भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुणांचे. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. साधारण २० टक्के भार अकरावीवर, तोही ठरावीक प्रकरणांवर. उरलेला ८० टक्के बारावीवर. अकरावी कच्ची राहिली तर बारावी जड जाते हे खरेच, पण फक्त सीईटीसाठी दोन वर्षांचे पॅकेज दहावीच्या सुट्टीतच घेऊन टाकण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

निर्णय घ्यायचा तो बारावीतल्या दिवाळीच्या सुट्टीत. तोवर झालेल्या प्रकरणांवरचे जुने प्रश्न काढून घड्याळ लावून, शक्यतो संगणकावर, एक पेपर सोडवावा. जे चुकले किंवा राहिले, ते दुसऱ्या दिवशी वेळेचे बंधन न ठेवता पुन्हा सोडवावेत. आता सुटले, तर अडचण वेगाची किंवा धांदलीची आहे. त्याला शिक्षक नको, रोजचा सराव हवा: ५४ सेकंदांत जमत नसेल तो प्रश्न सोडून पुढे जाण्याचा आणि पर्यायांवरून उलटे तपासण्याचा. बोर्डासाठी सगळ्या पायऱ्या लिहिण्याची सवय इथे नडते. दुसऱ्यांदाही अडलेल्या प्रश्नासाठी पाठ्यपुस्तक उघडावे. वाचून सुटला, तर वाचन कमी पडले होते. रसायनशास्त्रात, विशेषतः असेंद्रियमध्ये, बहुतेक हेच निघते. पुस्तक वाचूनही सुटत नाहीत तेवढेच प्रश्न शिकवणीचे. ते घूर्णन गती, प्रत्यावर्ती धारा, समाकलन अशा तीन-चार प्रकरणांत अडकलेले असतील, तर तेवढ्यासाठी तासावर शिक्षक पाहावा. अख्खा विषयच अंधारात असेल, तर मात्र क्लास लावावा, आणि तोही त्या एकाच विषयाचा.

घरी येणारे शिक्षक बारावीचे तिन्ही विषय शिकवतो म्हणाले, तर जरा थांबावे. पैसे देण्याआधी दोन तास बसून बघावे. मुलाने आपला चुकलेला प्रश्न पुढे ठेवला की चांगला शिक्षक आधी ‘तू काय केलंस ते दाखव’ म्हणतो. दुसरा लगेच फळ्यावर सोडवून मोकळा होतो. मोठ्या क्लासमध्ये तुकडीत किती मुले आहेत आणि शंका कोण सोडवतो, मुख्य सर की नुकताच पदवीधर झालेला मुलगा, हे विचारावे. फलकावरच्या गुणवंताने नेमका कोणता कोर्स केला होता, हेही विचारावे. ही माहिती लपवणे म्हणजे दिशाभूल, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केले आहे.

मोठ्या क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. सांगितलेली रक्कम करासह की कराविना, हे लेखी घ्यावे. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्ण फी भरून मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत मिळायला हवी आणि कोर्स चालू असताना फी वाढवता येत नाही. ‘फी परत मिळणार नाही’ असे छापलेली पावती घेण्याआधी या सूचनांची प्रत समोर ठेवावी. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांतल्या मुलांनी आधी ‘महाज्योती’ या राज्य शासनाच्या संस्थेकडे चौकशी करावी. तिथे सीईटीचे प्रशिक्षण मोफत असते.

बोर्डाची परीक्षा संपल्यावरच्या क्रॅश कोर्सबद्दल थोडक्यात. ज्याचा अभ्यासक्रम एकदा वाचून झाला आहे, त्याला तो उजळणी म्हणून चालतो. बाकीच्यांनी ते आठवडे पाठ्यपुस्तकाला द्यावेत आणि दर तीन दिवसांनी एक पूर्ण पेपर सोडवावा.

कनिष्ठ महाविद्यालयांना एक विनंती. संगणक कक्ष बहुतेकांकडे आहे. दिवाळीच्या आधी एका रविवारी तो उघडून मुलांना वर सांगितलेला पेपर देता येईल.

— बारावी विज्ञान शाखेचे काही शिक्षक, सोलापूर