सूचना : नव्याने पळायला सुरुवात करणाऱ्या सभासदांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारपासून नवशिक्यांची वेगळी तुकडी सुरू होत आहे. वार रविवार, मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी ठीक ६ वाजता रंकाळा चौपाटीवर जमायचे. वजन वाढलंय, जिना चढताना दम लागतो, शाळा सुटल्यापासून पळालो नाही, असे म्हणणाऱ्यांसाठीच ही तुकडी आहे. संकोच न करता या.

• पहिले दोन आठवडे सलग पळायचे नाही. ५ मिनिटे चालणे, मग १ मिनिट हळू पळणे व २ मिनिटे चालणे, असे ६ ते ८ वेळा. शेवटी पुन्हा ५ मिनिटे चालणे.

• पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा. नवखे लोक सोडून जातात ते बहुतेक इथेच: पहिल्याच दिवशी जोरात सुटतात, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात आणि परत येत नाहीत. दम हळूहळू वाढतो; हाडे-सांध्यांना सवय व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून मधल्या दिवशी विश्रांती सक्तीची.

• बीपी, शुगर, हृदयविकार किंवा गुडघ्याचा जुना त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबून सोबतच्यांना सांगा.

• पळायचे बूट हवेत. चप्पल नको.

• शनिवारी रात्री तांबडा-पांढरा जरा बेतानेच!

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावे. जुन्या सभासदांपैकी दोघांनी शेवटच्या माणसासोबत थांबायचे आहे, कृपया पुढे या.