सिएटलचे ध्वनिमुद्रण गोंगाट नव्हे

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या रचनेच्या सिएटलमधील ध्वनिमुद्रणावरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यातील सामूहिक मुक्त वादनाला ‘दिशाहीन गोंगाट’ म्हटले आहे, ते अजिबात पटले नाही. डिसेंबर १९६४ मध्ये कोल्ट्रेन यांच्यासह चौघांनी स्टुडिओत वाजवलेली ही रचना जेमतेम ३३ मिनिटांची. २ ऑक्टोबर १९६५ रोजी सिएटलच्या ‘पेंटहाउस’ क्लबात सात वादकांनी तीच सुमारे ७५ मिनिटे फुलवली. फॅरो सँडर्स आणि कार्लोस वॉर्ड यांचे सॅक्सोफोन व दुसरा बास (खर्जातील तंतुवाद्य) सोबतीला आले, तरी मूळचे चारही भाग क्रमानेच येतात; मधल्या जागा बास आणि ड्रम्सने भरल्या आहेत. याला दिशाहीन कसे म्हणायचे? बंदिशीचा मुखडा मनात पक्का असलेला गवईच इतकी मोकळी उपज घेऊ शकतो. एल्विन जोन्स यांचे ड्रम्स पुढे आणि सॅक्सोफोन काहीसे मागे ऐकू येतात, हे खरे. पण ती क्लबातील मुद्रणाची मर्यादा आहे, वादकांच्या माथी ती मारू नये. सॅक्सोफोनवादक जो ब्राझील यांनी या वादनाची टेप जपली, म्हणून २०२१ मध्ये हे वादन प्रसिद्ध होऊ शकले. वाचकांनी लेखावरून मत बनवण्याआधी निदान पहिला भाग पूर्ण ऐकावा, ही विनंती.

– एक संगीतप्रेमी वाचक, पुणे