सरांचे ‘एकच पुस्तक’ आणि आमच्या वह्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

भाषाविज्ञानाचे आमचे सर गेल्याची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आली. त्यांचे नाव, त्यांनी भूषवलेली पदे आणि मागे असलेला परिवार हे सारे त्या बातमीत नीट आलेले असल्यामुळे ते येथे पुन्हा लिहीत नाही. बातमीतील एका वाक्याबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘त्यांच्या नावावर एकच पुस्तक आहे’ असे त्यात म्हटले आहे. वाक्य खरे आहे आणि त्यात वार्ताहराचा काही दोष नाही. पण ज्यांनी सरांच्या वर्गात दोन वर्षे काढली, त्यांना ते वाचताना, एखाद्या विहिरीबद्दल सांगताना नुसत्या कठड्याची मापे द्यावीत, तसे वाटले असणार.

सर अचानक गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी एका संशोधक विद्यार्थ्याला फोन करून तिसऱ्या प्रकरणातील दोन तक्ते सकाळी बरोबर आणायला सांगितले होते. रात्री झोपेतच हृदयक्रिया बंद पडली, आणि सकाळी तो विद्यार्थी तक्ते हातात धरून विभागाच्या दाराशी उभा असताना त्याला हे कळले. दीर्घ आजारात माणसाला निदान थोडी आवराआवर करता येते, कोणता कागद कोणाकडे द्यायचा ते सांगता येते. सरांना तेवढीही सवड मिळाली नाही. त्यामुळे त्यांच्या जाण्याचे दुःख आणि त्यांनी अर्ध्यावर ठेवलेले काम अशा दोन्ही गोष्टी आमच्यापुढे एकाच दिवशी येऊन पडल्या. पहिलीबद्दल शोकसभेत पुष्कळ बोलले गेले. दुसरीबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून हे पत्र.

सर काय शिकवत हे सांगायचे तर ‘जग’ या शब्दापासून सुरुवात करावी लागेल, कारण त्यांनीही तेथूनच केली होती. त्यांनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली, ‘जग फार मोठे आहे’ आणि ‘तू शंभर वर्षे जग’, आणि आम्हाला ती मोठ्याने वाचायला लावली. मग विचारले, यात ‘ज’ किती? जन्मापासून मराठी बोलणाऱ्या आम्हा साऱ्यांचे उत्तर एकच होते: एक. सरांनी काहीच न बोलता वाक्ये पुन्हा वाचायला लावली, मग आणखी एकदा, आणि तिसऱ्या वेळी मागच्या बाकावरून कोणीतरी दबकत म्हणाले, ‘सर, दोन’. पहिला तालव्य, जीभ टाळूला लावून म्हटलेला; दुसरा दंततालव्य, जीभ दातांमागे लावून म्हटलेला. कागदावर एक, तोंडात दोन. मग ‘जरा थांब’ आणि ‘जरा-मरण’ यांतला ‘जरा’ आला, ‘चार’ आणि ‘चारा’ आले, आणि ज्या लिपीत दोन ध्वनींना एकच अक्षर आहे ती वाचताना आपण अडखळत कसे नाही, या प्रश्नावर तास संपला. उत्तर त्यांनी दिले नाही. पुढचे तीन तास आम्ही ते शोधत होतो.

त्याच आठवड्यातील दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. वर्गातल्या एका मुलीच्या घरची बोली आमच्यापेक्षा वेगळी होती. तिने एक शब्द तिच्या पद्धतीने उच्चारला आणि वर्ग हसला. सर रागावले नाहीत. त्यांनी तिला तो शब्द तीनदा म्हणायला लावला, फळ्यावर ध्वनिलिपीत लिहिला, खाली तारीख आणि तिचे वय लिहिले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, ‘आज या वर्गात नवीन माहिती एकीनेच दिली आहे. बाकीच्यांनी वहीत उतरवून घ्या.’ त्या दिवसापासून उच्चाराच्या बाबतीत ‘चूक’ हा शब्द वर्गात बंद झाला आणि त्याच्या जागी ‘नोंद’ हा शब्द आला. पुढे तर घरच्या आजी-आजोबांचे वेगळे वाटणारे शब्द कोण आधी आणतो, अशी चढाओढ लागली. घरची बोली लपवून ठेवण्याची ज्यांना शाळेपासून सवय लागलेली असते, त्यांनाच या बदलाचे मोल कळेल. मी त्यांतलीच एक आहे.

त्यांच्या अध्यापनाला साधने फार कमी लागत. घोष (गळ्यात कंप होणारे) आणि अघोष (कंप नसलेले) ध्वनींतला फरक समजावायला स्वतःचा गळा आणि दोन बोटे, अल्पप्राण (कमी श्वासाचे) आणि महाप्राण (जास्त श्वासाचे) ध्वनी कळण्यासाठी ओठांसमोर धरलेली कागदाची पट्टी. ‘त’ म्हणताना पट्टी जवळजवळ स्थिर राहते आणि ‘थ’ म्हणताना हलते, हे पाहून मोठी माणसेही लहान मुलांसारखी हसतात. ‘फळ’ म्हणताना मात्र वर्गात दोन तट पडत. काही जण ओठ पूर्ण मिटून महाप्राण ‘फ’ उच्चारत, काहींचे वरचे दात खालच्या ओठाला टेकत. यांपैकी जुने कोणते आणि नवे कोणते, ते सर सांगत, पण बरे कोणते हे त्यांनी कधीच सांगितले नाही. दरवर्षी ते दोन्ही गटांची संख्या वहीत टिपून ठेवत. माझ्या अंदाजाने ती एकच वही एका निबंधाला पुरेल.

संस्कृतचा प्राचीन व्याकरणकार पाणिनी याच्यावर त्यांचे विशेष प्रेम होते आणि ते प्रेम आंधळे नव्हते. त्याच्या जवळजवळ चार हजार सूत्रांच्या ‘अष्टाध्यायी’ या व्याकरणग्रंथाचे शेवटचे सूत्र फक्त ‘अ अ’ एवढेच आहे, आणि या दोन अक्षरांवर सरांनी आम्हाला पूर्ण तासभर शिकवले. ऱ्हस्व ‘अ’ प्रत्यक्ष उच्चारात संवृत आहे, तोंड किंचित मिटून म्हटला जाणारा. पण ‘अ’ आणि ‘आ’ यांना सवर्ण, म्हणजे एकाच जातीचे स्वर, धरता यावे, म्हणून पाणिनीने संपूर्ण ग्रंथात तो विवृत, म्हणजे तोंड उघडून म्हटला जाणारा, मानून नियम रचले; आणि रचना पूर्ण झाल्यावर अखेरच्या सूत्रात त्याला त्याचा खरा उच्चार परत दिला. ‘सोयीसाठी उसने घेतलेले शेवटच्या ओळीत फेडले,’ असे सर म्हणत. हे परीक्षेत येईल का, असे आमच्यातल्या एकाने विचारले. सर म्हणाले, ‘नाही, म्हणून तर आज शिकवले.’

पाणिनीचे प्राण सिंहाने घेतले असे ‘पंचतंत्रा’तील एक श्लोक सांगतो आणि तो मृत्यू त्रयोदशीचा मानून त्या तिथीला व्याकरणाचा पाठ बंद ठेवण्याची जुनी परंपरा आहे. सरांना ही आख्यायिका सांगायला आवडे; मात्र सुट्टी त्यांनी कधी दिली नाही. त्यांच्या निधनानंतर विभागाचे तास दोन दिवस बंद राहिले. हे योग्यच झाले, पण त्यावर ते काय म्हणाले असते याची आम्हाला कल्पना आहे.

एवढे सारे असताना पुस्तक एकच का, हा प्रश्न उरतोच आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. सर लिहिण्यात चालढकल करत. विद्यार्थ्यांची प्रकरणे त्यांच्याकडे महिनोन्‌महिने पडून राहत, आणि परत येत तेव्हा पानागणिक समासात इतके लिहिलेले असे की रागवायचीही सोय नसे. स्वतःच्या लेखनाबद्दल विचारले, की ‘अजून काही माणसांचे ऐकायचे राहिले आहे’ हे ठरलेले उत्तर मिळे. हा विनय होता असे शोकसभेत सांगितले गेले. माझ्या मते तो दोषच होता आणि सरांनाही तो मान्य होता. त्याची किंमत आज त्यांचे तीन संशोधक विद्यार्थी मोजत आहेत. नियमाप्रमाणे त्यांना दुसरे मार्गदर्शक मिळतील. पण समासातल्या त्या टिपांचा अर्थ नव्या मार्गदर्शकाला कोण सांगणार? निदान या तिघांना वाढीव मुदत देताना, अर्जामागून अर्ज करण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

त्याहून मोठा प्रश्न ध्वनिफितींचा आहे. सरांनी अनेक वर्षे बोलीभाषकांचे बोलणे कॅसेटवर मुद्रित केले. त्या कॅसेटवर बोलणाऱ्याचे नाव नाही, फक्त सरांनी स्वतः ठरवलेली खूण आहे. ज्याने विश्वासाने घरातल्या गोष्टी सांगितल्या त्याचे नाव भलत्याच्या हाती पडू नये, म्हणून त्यांनी ते मुद्दाम तसे ठेवले. खुणांची उकल करणारी रोजनिशी कोठेतरी असणार आणि ती रद्दीत जाण्याआधी सापडली पाहिजे. कॅसेटलाही फार वेळ नाही. काही फितींवर चुंबकीय थर धरून ठेवणारे द्रव्य हवेतला ओलावा शोषून चिकट होते, आणि अशी फीत निष्काळजीपणे वाजवली तर तो थरच खरवडून निघतो. उत्साहाच्या भरात कोणी त्या घरच्या घरी एमपीथ्रीमध्ये उतरवू नयेत, अशीही विनंती आहे. फाईल लहान करताना ध्वनीचा जो भाग गाळला जातो, त्यात बहुधा वरच्या वारंवारितेचा भाग आधी जातो, आणि दोन ‘च’ किंवा दोन ‘ज’ यांतला फरक टिपायला नेमका तोच लागतो. ज्या फरकासाठी सरांनी हे आवाज जमवले तोच नकलेत हरवायचा, हे बरे नाही. शिवाय बोलणाऱ्यांनी संमती सरांना दिली होती, साऱ्या जगाला नव्हे. त्यांच्या किंवा त्यांच्या कुटुंबीयांच्या परवानगीशिवाय हे आवाज कोठेही खुले होऊ नयेत.

आता वह्यांविषयी. फर्दिनां द सोस्यूर यांचे नाव आधुनिक भाषाविज्ञानाच्या आरंभी घेतले जाते, पण सामान्य भाषाविज्ञानावरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक त्यांनी लिहिलेलेच नाही. जिनिव्हा विद्यापीठात १९०७ ते १९११ या काळात त्यांनी हा विषय तीन वेळा शिकवला, १९१३ मध्ये ते वारले, आणि १९१६ मध्ये शार्ल बाली आणि आल्बेर सेशए या सहकाऱ्यांनी मुख्यतः विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून ते पुस्तक सिद्ध केले. हे दोघे स्वतः त्या तासांना बसलेले नव्हते. पुस्तकाचे बहुचर्चित शेवटचे वाक्य विद्यार्थ्यांच्या कोणत्याच वहीत नाही, ते संपादकांचे आहे, हे पुढे उघड झाले. आणि तिसऱ्या अभ्यासक्रमाची सर्वांत भरगच्च टिपणे, एमील कॉन्स्तांतँ या विद्यार्थ्याची, संपादकांना मिळालीच नव्हती. ती १९५८ मध्ये उजेडात आली. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर १९३९ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी गेले. संस्कृतीच्या मानसशास्त्रावरचे त्यांचे नियोजित पुस्तक विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून जुळवून प्रसिद्ध व्हायला १९९४ साल उजाडले.

आमच्या सरांची तुलना सोस्यूरशी करण्याचा माझा हेतू नाही; केली असती तर त्यांनी मला वर्गाबाहेर काढले असते. सांगायचे एवढेच, की शिक्षकाने लिहिले नाही म्हणून ते नाहीसे झाले असे होत नाही, ते वह्यांत असते. पण वह्या वेळेवर लागतात, साऱ्या लागतात आणि जशा आहेत तशाच लागतात. म्हणून सरांच्या सर्व माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की आपापल्या वह्या शोधाव्यात, प्रत्येकीवर वर्ष आणि विषय लिहावा, आणि पाने फाटलेली असोत वा समासात चित्रे काढलेली असोत, काहीही न सुधारता त्यांची छायाचित्रे घेऊन विभागाच्या ग्रंथालयात द्यावीत. दोन वह्यांत एकच तास वेगवेगळा उतरला असेल तर दोन्ही पाठ ठेवावेत. सरांच्या तोंडी शोभेल असे वाक्य आपल्याला सुचले, तर ते आपल्या नावावर लिहावे. स्मृतिव्याख्यान, पुरस्कार, दालनाला नाव देणे हे सावकाश होईल. वह्यांचे तसे नाही. दर वेळी घर बदलताना कागदांचे एक खोके कमी होते.

सुरुवात माझ्यापासून करते. माझ्याकडे सरांच्या तासांच्या चार वह्या होत्या. पहिली, तिसरी आणि चौथी मी मागच्याच आठवड्यात ग्रंथालयात दिली. ‘अ अ’ या सूत्राचा तास असलेली दुसरी वही, निळ्या पुठ्ठ्याची, परीक्षेच्या आदल्या महिन्यात एका वर्गमैत्रिणीने दोन दिवसांसाठी म्हणून नेली होती. वर लिहिलेला तो तास मी आठवणीतून लिहिला आहे, वहीतून नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. हे पत्र तिच्या पाहण्यात आले, तर तिने ती वही मला न पाठवता थेट ग्रंथालयात द्यावी.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
(नाव व पत्ता संपादकांकडे)