बाय बरी आहे

पुणे, १२ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही हे पत्र नेहमीसारखं आईला मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून आधी एवढंच लिहिते: मी बरी आहे. घरी आहे, सकाळी मेतकूट-भात खाल्लाय आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसून हे लिहितेय. आता पुढचं वाचा. १६ जुलैला माझं गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही.

दादा-वहिनीला माहीत होतं. त्यांच्यावर रागावू नका, मीच त्यांना शपथ घातली होती. बाबांचा दुसरा स्टेंट मे महिन्यात झाला. कळलं असतं तर तुम्ही दोघं दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत बसला असतात, भर पावसात, कुंभार्ली घाटातून. पंचाहत्तरी झाल्यापासून तिकीट लागत नाही म्हणून बाबांना पुणं शेजारच्या गावासारखं वाटतं, पण त्या घाटातले सहा-सात तास तुमच्या छातीला आणि आईच्या गुडघ्यांना झेपले नसते. तुम्हाला रस्त्यावर ठेवून मला भूल घेता आली नसती.

आई, तुझा पहिला प्रश्न मला माहीत आहे. काढायलाच हवी होती का? बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या २०१९ साली आल्या, तेव्हा तू आठवडाभर अस्वस्थ होतीस. नीलम गोऱ्हेबाईंच्या समितीने तपासणी केली आणि १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढल्याचं समोर आलं. कित्येकींच्या तर चाळिशीच्या आतच. तू म्हणालीस, गरीब बाईचं शरीर म्हणजे काय वाटलं यांना. म्हणून शपथेवर सांगते, माझं तसं झालेलं नाही. दोन वर्षं मी सगळं करून पाहिलं. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या घेतल्या. हार्मोनची ती तांबीसारखी वस्तू बसवली, ती चौथ्या महिन्यात आपोआप बाहेर पडली. मार्चमध्ये हिमोग्लोबिन ७.४ होतं आणि दोन मजले चढताना मध्ये टेकायला लागायचं. सोनोग्राफीत चार गाठी, सगळ्यात मोठी ९ सेंटिमीटरची. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांना दाखवलं. नुसत्या गाठी काढता येतात, पण पुन्हा वाढू शकतात, असं दोघींनीही समजावून सांगितलं. निर्णय माझ्यावर सोडला. आधी शिरेतून लोह देऊन हिमोग्लोबिन १०.८ वर आणलं आणि मगच तारीख ठरली. तपासणीला पाठवलेल्या गाठींचा रिपोर्टही आलाय, साध्याच आहेत, कॅन्सर नाही. बाबा, हे वाक्य तिला दोनदा वाचून दाखवा.

आणि अंडाशय ठेवलेत, आई. नळ्या काढल्या, कारण पुढे अंडाशयाचा कॅन्सर व्हायचा तो बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो म्हणतात. पण अंडाशय आहेत, म्हणजे तुला आला तसा घामाचा लोट मला उद्या-परवाच येणार नाही.

तुझं ऑपरेशन १९९१ चं. मी दहा वर्षांची. मला सांगितलं होतं, आई मामाकडे गेलीय. तू पंधरा दिवसांनी आलीस ती भिंतीला धरून, पोटावर जुन्या लुगड्याची घडी घट्ट दाबून. मी धावत आले तर तू पहिल्यांदाच हाताने लांब ठेवलंस मला. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. त्या वर्षी पौषातल्या थंडीत तू मध्यरात्री पडवीत उभी राहून सुपाने वारा घ्यायचीस, मी गोधडीतून बघायचे. तुझं तेव्हा सगळंच काढलं होतं, सदतिसाव्या वर्षी, आणि घामाचा अर्थ तुला कोणी सांगितला नव्हता. हे मला आत्ता, डॉक्टर माझ्याशी अंडाशयांविषयी बोलत असताना कळलं. त्यांच्यासमोरच रडायला आलं. त्यांना वाटलं, मी ऑपरेशनला घाबरले.

माझं दुर्बिणीचं झालं, पोटावर बोटाच्या पेराएवढ्या चार खुणा आहेत. पहिल्या दिवशी पोटापेक्षा उजवा खांदा दुखला. पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साइड भरतात. तो थोडा राहिला की छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून येते म्हणून दुखणं खांद्यात वाटतं. शेकलं, चालले, तिसऱ्या दिवशी गेलं. खोकला आला की तू दिलेली गोधडी पोटाशी घट्ट धरायची, तुझ्या लुगड्याच्या घडीसारखी. वेदनेची गोळी मात्र घड्याळ लावून घ्यायला शिकले. सुरुवातीला मी दात-ओठ खाऊन थांबायचे. डॉक्टर म्हणाल्या, दुखणं डोक्यावर बसल्यावर घेतलेली गोळी त्याच्या मागे पळत राहते.

आता तो भाग, ज्यासाठी फोन न करता पत्र लिहितेय.

अकराव्या दिवशी, २७ जुलैला, रविवारी रात्री मला रक्तस्राव झाला. पहिले काही आठवडे थोडं तपकिरी-गुलाबी डाग असतात, ते चालतात. हे तसं नव्हतं. लालभडक होतं आणि तासाभरात दोन पॅड पूर्ण भिजले. पिशवी काढल्यावर आत वर जिथे शिवतात, तिथले टाके त्याच सुमाराला विरघळायला लागतात. माझ्या तिथे जंतुसंसर्ग झाला होता. आदल्या दिवशी मी ओल्या कपड्यांची बादली उचलली होती. तेवढ्याने झालं असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत, पण उचलायची नव्हती हे त्यांनीही सांगितलं.

आणि आई, मी काय केलं असेन? बाथरूमचं दार लावून घेतलं. हे झोपले होते, लेकीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. थांबेल, थांबेल करत मी दीड तास बसले. फरशी धुतली, कपडे पाण्यात टाकले. उठताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि बादली पडली. त्या आवाजाने हे उठले म्हणून पुढचं झालं. रात्री अडीचला दवाखान्यात पोचलो. त्यांनी आत गॉज घट्ट भरलं, चोवीस तास ठेवलं, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. हिमोग्लोबिन ६.९ होतं, दोन पिशव्या रक्त दिलं. बाबा, तुमचाच गट आहे माझा, ओ पॉझिटिव्ह. तुम्ही लगेच बाही वर केली असतीत, पण पासष्टीनंतर रक्त घेत नाहीत. दादाने दिलं. पुन्हा टाके घालायला लागले नाहीत. चौथ्या दिवशी घरी आले, तेव्हापासून पुन्हा तसं झालेलं नाही.

त्या चार दिवसांत तुमचे फोन घेतले ते कॉटवरून. कॅमेरा बिघडलाय म्हणाले ते खोटं होतं. आई म्हणाली, तुझा आवाज खोल गेलाय. त्या एका वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही.

तो दीड तास माझ्या डोक्यातून जात नाही. असं गप्प बसायला मला कोणी शिकवलं नाही, मी घरात बघत आले. आई, तूही ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं काळ्या साड्याच नेसत होतीस. आणि २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचा पूर घरात शिरला, तेव्हा बाबांच्या पायाला पत्रा लागून नऊ टाके पडले, हे मला दिवाळीत कळलं. मी रागावले नव्हते, आताही नाही. तुम्ही मला त्रास नको म्हणून लपवलंत, मीही तेच केलं. पण ह्यापुढे रक्ताची गोष्ट आपण एकमेकांपासून लपवायची नाही. मी माझ्याकडून सुरुवात केलीय, म्हणून एवढं सगळं लिहिलं.

माझी सोय उत्तम आहे, खरंच. पलंगाशेजारी टेबल आहे, त्यावर पाणी, गोळ्या, घंटा. हे सकाळी पोळ्या लाटतात, गोल येतात आता. शेजारच्या काकू दुपारी पालकाची नाहीतर दुधीची भाजी देतात. रात्री इसबगोल घेते, कुंथायचं नाही म्हणून. रोज सकाळ-संध्याकाळ सोसायटीत चालते, काल सात फेऱ्या झाल्या. संध्याकाळी कंबर जड होते, तेवढंच दुखणं राहिलंय. हिमोग्लोबिन परवा ९.६ आलं.

आई, अळिवाचे लाडू पाठवलेस तर खाईन. पण नारळ तू खवायचा नाहीस, विळीवर बसायचं नाही. वहिनीकडून करून घे. बाबा, रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौच काळी झाली, तर स्वतःहून गोळी बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. पावसात सुपाऱ्या वेचायला वाडीत जायचं नाही, शेवाळ आहे. सांगायला माणूस आहे, त्याला सांगा. आईची साखर दर सोमवारी बघून वहीत लिहा, मला फोटो पाठवा. आणि आई, आत्याचं मे महिन्यात तू मला हळूच सांगितलंस, पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर डाग दिसला म्हणून. एकदाच होता, बंद झाला, हे चालत नाही. पाळी गेल्यानंतर एक थेंब दिसला तरी तपासायचं असतं. बऱ्याच वेळा साधंच निघतं, पण तपासल्याशिवाय कळत नाही. तिला या आठवड्यात घेऊन जा. दादाची गाडी सांगून ठेवलीय, पैशाचं तिला कळू देऊ नकोस.

आता राहिला गणपती. चतुर्थी २७ ऑगस्टला. माझे विश्रांतीचे सहा आठवडे नेमके त्याच दिवशी पुरे होणार होते, मी मनात येण्याची तयारीही केली होती. पण रक्तस्रावानंतर डॉक्टरांनी मुदत आठ आठवड्यांवर नेली, घाटाचा प्रवास नाही म्हणाल्या. त्यामुळे मी येत नाहीये. लग्नानंतर पहिल्यांदाच. हे लिहायला मला दोन दिवस लागले. लेक येईल दादाबरोबर, दुर्वा तीच निवडेल, तिला एकवीसच्या जुड्या बांधता येतात. मोदकांचं मी वहिनीशी बोललेय, एकवीसच करायचे, आई फक्त कळ्या घालेल, तेही खुर्चीवर बसून. गौरींची साडी पाठवतेय, हिरवी आहे.

मी दिवाळीला येईन, तेव्हा पंधरा दिवस राहीन. गोधडी मात्र परत आणणार नाही, ती आता माझी.

पत्र वाचून झालं की लगेच फोन करू नका. आधी चहा घ्या, बाबांची संध्याकाळची गोळी होऊ दे. मी नऊ वाजता करते, कॅमेरा लावून. बाबा, फोन आधी आईकडे द्या.

तुमची,
बाय