उद्यानाचे अंतर फाटकापासून मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शहराच्या पुढील वीस वर्षांच्या आराखड्याची चर्चा निघाली की उद्यानांचा विषय हटकून 'दरडोई किती चौरस मीटर' या आकड्यावर येऊन अडकतो. मी उद्यान निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. आकड्याला माझा विरोध नाही. जागा आज राखली नाही तर पुढे ती मिळत नसते. पण एका टोकाला मोठे उद्यान झाले की सगळ्या शहराची सरासरी सुधारते आणि दुसऱ्या टोकाची मुले गाड्यांच्या मधूनच चेंडू शोधत फिरतात.

नकाशावर उद्यानाच्या मधोमध कंपास टेकवून वर्तुळ काढायचे आणि आत येतील ती सगळी घरे 'उद्यानालगतची' धरायची, ही जुनी खोड. माझ्याकडच्या एका उद्यानाला चारही बाजूंनी भिंत होती आणि फाटक एकच, तेही हमरस्त्यावर. मागच्या भिंतीला खेटून असलेल्या वस्तीत त्या झाडांचा पालापाचोळा पडायचा, पण आत यायचे तर भलामोठा वळसा घालून वाहता रस्ता ओलांडायचा. म्हातारी माणसे येतच नसत. मागे एक लहान फाटक काढावे असे मी लेखी दिले. 'राखणदार कोठून आणणार?' असा शेरा घेऊन फाइल परत आली.

सेसिल कोनाइनेन्डाइक या वनतज्ज्ञांनी २०२१ मध्ये ३-३०-३०० असा सुटसुटीत नियम मांडला: घरातून तीन झाडे दिसावीत, वस्तीच्या ३० टक्के भागावर झाडांची छाया असावी आणि ३०० मीटरच्या आत हिरवी जागा असावी. आपल्या आराखड्यात हे ३०० मीटर घराच्या दारापासून उद्यानाच्या फाटकापर्यंत, चालत मोजावेत एवढेच माझे म्हणणे.

दुसरा मुद्दा, उद्यानात कोण येत नाही याचा. व्हिएन्नात १९९० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा असे आढळले की साधारण नऊ वर्षांनंतर मुली सार्वजनिक उद्यानांतून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात. जाळीबंद मैदान, आत जायला एकच अरुंद वाट आणि ती अडवून उभी असलेली मोठी मुले. १९९९ मध्ये तिथल्या दोन उद्यानांची मांडणी बदलली: वाटा वाढवल्या, मैदानाचे भाग पाडले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत येऊ लागल्या. यासाठी वाढीव जमीन लागली नाही.

जमीनच नाही म्हणणाऱ्यांसाठी आम्स्टरडॅमचे उदाहरण आहे. वास्तुरचनाकार आल्डो व्हान आयक यांनी १९४७ पासून तिथे ७०० हून अधिक क्रीडांगणे आखली, त्यांतली कित्येक पडीक, उरल्यासुरल्या तुकड्यांवर. वाळूचा हौद, लोखंडी कमानी, चार झाडे, संपले. शोभेच्या कारंज्यांचा सोस मला कधीच कळला नाही. पहिल्या वर्षी ती उडतात, मग त्यांत डास होतात.

सावलीचा विचार तर आराखड्यात सर्वांत शेवटी येतो, खरे तर तो पहिला हवा. मोठ्या झाडाची सावली धरायला पंधरा-वीस वर्षे जातात, म्हणजे आराखड्याची मुदत संपता संपता बसायला सावली हवी असेल तर रोप जागा ताब्यात येताच लावायला हवे. पत्र्याची घसरगुंडी दुपारच्या उन्हाकडे तोंड करून बसवली की मुलांची पोटरी भाजते. ती उत्तरेकडे वळवायला जादा पैसा लागत नाही, बसवणाऱ्याला कोणी सांगत नाही इतकेच. बाकी देखभालीची तरतूद मंजुरीच्या वेळीच करावी, हे मी वेगळे सांगायला नको.

आराखडा ठरवण्याआधी आज कोण येते याची मोजणी होईलच. ती फक्त सकाळी फिरायला येणाऱ्यांची नको, दुपारची आणि रात्रीचीही हवी. जिथे दुपारी फाटके बंद ठेवायचा नियम आहे, तिथे आधी महिनाभर ती उघडी ठेवा आणि मग मोजा.

आपला,
एक निवृत्त उद्यान निरीक्षक