काका, तुम्ही कमी केलेल्या त्या पंधरा हॉर्सपॉवरबद्दल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही विषय बदलता, नाहीतर हातात पाना देता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. शिवाय इथे मिशिगनमध्ये, तिकडे टेक्सस-न्यू जर्सीत आपली बरीच मुलं आता मस्टँग, कॅमॅरो, चॅलेंजर अशा दणकट इंजिनाच्या गाड्या घेतात आणि वर्ष-दोन वर्षांत सुपरचार्जरची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या यंत्राची, चौकशी सुरू करतात. मला भेटणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो, "किती हॉर्सपॉवर झाली?" तुमचं नाव घेतल्याशिवाय मला त्याचं उत्तर देता येत नाही.

गणपतीच्या दिवशी शाळेच्या पार्किंगमध्ये मी गाडी लावत होतो. २०१६ ची मस्टँग जीटी, पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं 'कायोटी' इंजिन. सुपरचार्जर बसवून तीन आठवडे झाले होते. ज्या दुकानाने बसवला त्यांनीच गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तयार ट्यूनही, म्हणजे इंधन किती आणि ठिणगी कधी ह्याचं गणित, भरून दिली होती, सगळ्या गाड्यांना चालणारी एकच फाइल. इंजिनाचे फेरे पाच हजार आरपीएमच्या वर गेले की गाडी मिसिंग मारायची आणि उन्हात पिकअप घ्यायची नाही. दुकानात विचारलं तर म्हणाले, सुपरचार्जरवाल्या गाड्या अशाच चालतात. मी विश्वास ठेवला. वर्षभराची बचत त्या गाडीत होती, विश्वास ठेवणं सोपं होतं.

तुम्ही प्रसादाचा द्रोण हातात घेऊन उभे होता. मी इंजिन बंद करायच्या आत म्हणालात, "बंद करू नकोस. जरा रेस कर. हं, बास." मग दोन पावलं पुढे येऊन, "घरी जाताना अडीच हजाराच्या वर नेऊ नकोस. आणि शनिवारी माझ्याकडे ये." तुम्हाला तेव्हा माझं नावही माहीत नव्हतं. तुम्ही डिअरबॉर्नमध्ये आयुष्यभर इंजिन कॅलिब्रेशन, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं हेच गणित बसवायचं काम, केलंत, हे मला नंतर दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

त्या शनिवारी तुम्ही लॅपटॉप उघडलाच नाही. आधी आठही स्पार्क प्लग काढायला लावलेत. वर्तमानपत्रावर ओळीने मांडून प्रत्येकाखाली बॉलपेनने सिलिंडरचा नंबर घातलात. सहाव्या नंबरचा प्लग उचलून, भिंग माझ्या हातात देऊन म्हणालात, "बघ, काय दिसतंय?" पांढऱ्या पोर्सलीनवर रव्याच्या कणाहूनही बारीक, चकचकीत करडे ठिपके होते. मी म्हटलं, काजळी असेल. तुम्ही शांतपणे म्हणालात, "काजळी काळी असते. हे ॲल्युमिनियम आहे. तुझ्या पिस्टनचं."

काका, माझ्या पोटात गोळा आला होता. इंजिन अजून शाबूत होतं, पण आतून पिस्टन कणाकणाने झडायला लागला होता आणि मी रोज त्याच गाडीने ऑफिसला जात होतो.

मग तुम्ही स्टुलावर बसून मला नॉकिंग समजावलंत. ज्यांना नव्याने सुपरचार्जर बसवायचाय त्यांच्यासाठी तुमचंच बोलणं इथे मांडतो. बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय. माझा सुपरचार्जर त्यावर आणखी आठ देतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जवळजवळ दीडपट हवा कोंबली जाते. आणि ह्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच ११ ला १, म्हणजे आत आलेली हवा पिस्टन अकराव्या हिश्शात दाबतो. हवा दाबली की तापते, इथे ती दोनदा दाबली जाते. ठिणगी पडल्यावर ज्वाला एका बाजूने पसरत जाते, पण ती पोचायच्या आतच कोपऱ्यातलं तापलेलं मिश्रण आपलं आपण भडकलं, तर तो पिस्टनवर हातोड्याचा घाव असतो, तेच नॉकिंग. कारखान्यातून आलेल्या ट्यूनमध्ये ठिणगीची वेळ ठरवलेली असते ती विनासुपरचार्जरच्या इंजिनासाठी. तयार फाइलवाला ती अंदाजाने मागे घेतो. पण माझ्या गाडीतली हवा किती तापतेय, हे त्याला कुठून कळणार?

ती किती तापतेय हे तुम्ही दाखवलंत. गाडीला स्कॅनर जोडून आपण एक फेरी मारली. इंटरकूलरमधून, म्हणजे दाबलेली हवा पाण्याने थंड करणाऱ्या भागातून, निघून इंजिनात शिरणारी हवा ७४ अंश सेल्सिअस! बाहेर २२ होतं. घरी आल्यावर तुम्ही बोनेट उघडलंत आणि म्हणालात, "ह्या दोन्ही नळ्यांना हात लाव." एक चटका बसेल इतकी गरम, दुसरी थंडगार. इंटरकूलरचं पाणी फिरतच नव्हतं. पंप चालू होता, आवाज येत होता, पण भरताना आत हवा अडकून राहिली होती आणि ती कोणी काढलीच नव्हती. आपण गाडीचं नाक रॅम्पवर चढवलं, टाकीचं झाकण उघडलं आणि नळ्या दाबत बसलो. पहिल्या दहा मिनिटांत काहीच नाही. मग खालून गुडगुड करत एक मोठा बुडबुडा वर आला, त्यामागे लहान लहान, आणि पाण्याची पातळी वीतभर खाली गेली. पाऊण तास आपण दोघं नुसते बुडबुडे बघत बसलो होतो. त्या पाऊण तासात तुम्ही एकदाही घड्याळ पाहिलं नाहीत.

मिसिंगचं कारणही त्या वर्तमानपत्रावरच होतं. प्लग जुनेच ठेवले होते, फट १.२५ मिलिमीटरच्या वर. इतक्या दाट हवेत एवढ्या फटीतून ठिणगी उडी मारू शकत नाही, विझून जाते. तुम्ही एक पायरी थंड, म्हणजे आपली उष्णता लवकर सोडणारे, प्लग मागवलेत आणि प्रत्येकाची फट ०.८ ला आणायला मला बसवलंत. फट मोजायच्या फीलर गेजची पाती हातात देऊन म्हणालात, "जरा अडत सरकली पाहिजे. सुळकन गेली तर फट जास्त, कोंबावी लागली तर कमी." आठ प्लगना मला दीड तास लागला. तुम्ही आठही पुन्हा तपासलेत आणि तीन परत दिलेत.

आणि तो स्क्रूड्रायव्हर. इंजिन चालू असताना त्याचं टोक टायमिंग कव्हरवर टेकवून, मूठ कानाला लावून तुम्ही डोळे मिटलेत, तेव्हा मला क्षणभर बोलवेना. माझे बाबा मिरज डेपोत एसटीचे मेकॅनिक होते. लेलँडच्या इंजिनाला ते अगदी असाच कान लावायचे. मी तुम्हाला हे सांगितलं आणि तुम्ही लगेच म्हणालात, "लाव फोन." मिरजेत रात्रीचे साडेदहा वाजले होते. बाबा आणि तुम्ही नोझल, फ्युएल पंपाचं टायमिंग, टॅपेटची सेटिंग ह्यावर चाळीस मिनिटं बोललात. बाबांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झालीत. त्यांच्या कामाबद्दल इतक्या बारकाईने त्यांना इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ह्याचे आभार कसे मानायचे, मला माहीत नाही.

नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडायला लागल्यावर गाडी तुमच्या गॅरेजमध्ये ठेवली. तेव्हा तुम्ही ऑइल पंपाचे गिअर बदलायचा विषय काढलात. मी कुरकुर केली होती, आठवतंय? इंजिन चांगलं चाललंय, मग पुढचं सगळं कव्हर कशाला उघडायचं? तुम्ही वाद घातला नाहीत. ह्या इंजिनाचे मूळ गिअर धातूची पावडर साच्यात दाबून, भाजून केलेले असतात. रोजच्या वापराला उत्तम, पण सुपरचार्जरचा ताण आणि वरच्या आरपीएमचे हिसके बसले की ते फुटू शकतात. ते फुटले की तेलाचा दाब शून्य आणि इंजिन काही क्षणांत खलास. जुना गिअर काढल्यावर तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात, शेजारी अखंड पोलादातून कापलेला नवा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत होते. त्या कामात चार रविवार गेले. काकू दर वेळी दुपारी फोडणीची पोळी आणि ताक आणून द्यायच्या आणि आपले हात बघून ताटली स्वतःच धरून उभ्या राहायच्या. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

आता ट्यूनबद्दल. मला वाटायचं की ट्यूनिंग म्हणजे डायनोवर, चाकांची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवायची, पाय दाबायचा आणि आकडा बघायचा. तुम्ही पहिल्या तीन संध्याकाळी फक्त आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचं इंजिनाचं चालणं, लावलंत. एसी चालू, एसी बंद, स्टिअरिंग पूर्ण वळवून, थंड इंजिन, गरम इंजिन. मग चाळीस मैलांच्या वेगाने संथ जाताना. म्हणालात, "गाडी शंभरातली अठ्ठ्याण्णव मिनिटं अशीच चालते, तिथे नीट नसेल तर वरच्या आकड्याला काय चाटायचंय?" ती मधेच गुदमरायची त्याचं कारणही तुम्हीच शोधलंत. इंजिन किती टॉर्क देतंय ह्याचा कॉम्प्युटर सतत हिशोब करतो, आणि मागितल्यापेक्षा जास्त निघतोय असं वाटलं की स्वतःच थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, मिटतो. तयार फाइलमध्ये हवेचं गणितच चुकलेलं होतं, त्यामुळे माझा पाय खाली आणि थ्रॉटल मात्र अर्धा मिटलेला. तुम्ही ते गणित एकेक रकाना करून बसवलंत. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, तेव्हा एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे पुस्तकी प्रमाण धरायचं नाही, १४.१ च्या आसपास धरायचं, हेही तुम्हीच शिकवलंत.

धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकू का, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही लॅपटॉप मिटलात. "क्लीन एअर ॲक्टमध्ये बसत नाही. आणि बसत असतं तरी मी केलं नसतं. तुझ्या मागच्या गाडीत कोणाचं तरी मूल बसलेलं असतं." तो विषय मी परत काढला नाही.

मधे मधे तुम्ही गोष्टी सांगायचात, त्यातली एक मी सगळ्यांना सांगत असतो. माझ्या सुपरचार्जरमधले पिळाचे रोटर ज्या कल्पनेतून आले, ती शेजारच्या इंडियानातल्या कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंची. गिरणीसाठी पाणचक्की सुधारायला गेले आणि हवा ढकलणारं यंत्र हाती लागलं. १८६० चं पेटंट. तेव्हा मोटारगाडी कोणाच्या स्वप्नातही नव्हती, त्यांच्या यंत्राची हवा भट्ट्यांना जायची. तेव्हापासून गाडीचा तो बारीक शिट्टीसारखा आवाज मला वेगळाच ऐकू येतो.

मे महिन्यात आपण डायनोवर गेलो. सुपरचार्जरच्या आधी चाकांवर ३७४ हॉर्सपॉवर भरली होती. तुम्ही ठिणगी मुद्दाम मागे ठेवून सुरुवात केलीत आणि एकेक अंश पुढे नेत गेलात. प्रत्येक वेळी मधे पंखा लावून इंजिन निववायचं, लॉग, म्हणजे कॉम्प्युटरने ठेवलेली नोंद, वाचायचा, मगच पुढचा अंश. १७ अंशांवर ५५६ आली. नॉकिंग टिपणारा नॉक सेन्सर गप्प होता. डायनोवाला मुलगा खुशीत म्हणाला, अजून एक घ्या, ५६० च्या वर जाईल. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? आणि तुम्ही दोन अंश मागे घेतलेत. ५४१. फाइल बंद केलीत.

मी तोंडाने काही बोललो नाही, पण चेहरा उतरला असणार. तुम्ही म्हणालात, "आज बाहेर १६ डिग्री तापमान आहे, आणि टाकीत आत्ताच भरलेलं ९३ ऑक्टेन आहे. जुलैत दुपारी, ट्रॅफिकमध्ये, कुठल्या तरी पंपावरचं जुनं पेट्रोल भरून, मागे पोरगी बसलेली असताना तू हाच पाय दाबणारेस. मी ट्यून त्या दिवसासाठी केलीय."

तो दिवस आला, काका. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आय-९४ वर, ३४ अंशांत आम्ही पन्नास मिनिटं अडकलो होतो. एसी चालू, मुलगी मागे झोपलेली. वाट मोकळी झाल्यावर मधल्या लेनमध्ये जायला मी पाय दाबला. घरी येऊन लॉग उघडला आणि हवेच्या तापमानाचा रकाना पाहिला. डायनोवर कधीच गेलं नव्हतं तिथे ते गेलं होतं. कॉम्प्युटरने ठिणगी थोडी मागे घेतली होती, तुम्ही सांगून ठेवलं होतं तितकीच. नॉक सेन्सरच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. मी तो रकाना बोट ठेवून दोनदा वाचला. ते पंधरा हॉर्सपॉवर कुठे गेले, हे मला त्या रात्री कळलं.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, हौशी गाड्यांच्या त्या मिरवणुकीला, तुम्ही माझ्या शेजारी बसलात. फर्नडेलपासून पॉन्टिअॅकपर्यंत हजारो गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या, दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून बसलेली माणसं. आजूबाजूला दोन-तीन गाड्या वाफ सोडत बाजूला झाल्या. आपली गाडी तीन तास आयडलवर चालली, तापमानाचा काटा मधोमध. तुम्ही बोनेटकडे पाहतसुद्धा नव्हता. १९६५ ची एक निळी मस्टँग जवळून गेली तेव्हा मात्र काच खाली करून कान बाहेर काढलात आणि म्हणालात, "तिसऱ्याचा टॅपेट वाजतोय."

परवा तेल बदललं. तुम्ही शिकवलंत तसा जुना फिल्टर कापला, कागदाची घडी उलगडून उन्हात धरली आणि भिंगाने इंच इंच पाहिली. एकही चकचकीत कण नाही. फोटो आणि ह्या महिन्याचा लॉग वेगळा पाठवतोय. तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजारांच्या आसपास इंधनाचं प्रमाण किंचित हललंय असं मला वाटतं, एकदा नजर टाका. बाबा दिवाळीनंतर सहा महिन्यांसाठी इकडे येतायत. त्यांनी सामानात आपला जुना फीलर गेज घातलाय.

तुमचा,
सहाव्या नंबरचा प्लग अजून जपून ठेवलेला मुलगा