जप्त पट्टीवरचा बॅच नंबर वाचणार कोण?

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

परवा पेपरात पुन्हा तोच फोटो. टेबलावर बटन गोळ्यांच्या पट्ट्या, मागे तोंडाला फडकं बांधलेली दोन पोरं, आणि खाली नेहमीचं आश्वासन: 'मुळापर्यंत जाऊ.' दर धाडीनंतर मराठवाड्याला हा शब्द मिळतो. पाळला जात नाही, म्हणून हे पत्र.

साहेब, बटन म्हणजे नायट्राझेपाम, झोपेची गोळी. हिचं मूळ शोधायला खबऱ्या लागत नाही. प्रत्येक पट्टीवर बॅच नंबर असतो आणि तोच नंबर कंपनीपासून दुकानदारापर्यंत प्रत्येक बिलावर यावा लागतो. नंबर बिलांशी ताडला की माल कुठून फुटला ते कळतं. सुटी विकणारे पट्टी कापून नंबरचा तुकडा फेकून देतात, हे खरं. पण खोकीच्या खोकी सापडतात तेव्हा काय अडतं? पकडलं जातं ते गिऱ्हाईक. होलसेलरचं दुकान दुसऱ्या दिवशी उघडंच.

शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या आणि वेगळी नोंद ठेवायच्या औषधांची यादी, 2014 पासून लागू आहे; बटन त्यातच येते. वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे, रजिस्टर 3 वर्षं जपायचं. चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकायची. शिक्का पडत नाही, म्हणून एकच चिठ्ठी गावभर फिरते. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनानं, एका बैठकीत भरलेलं रजिस्टर पाहताक्षणी ओळखू येतं. महिन्याची खरेदी आणि नोंदलेली विक्री यांचा मेळ घातला तरी पुरे. तो घालणाऱ्या औषध निरीक्षकांच्या जागा मात्र तुम्ही रिकाम्या ठेवता!

आणि पोरांचं काय होतं? झोपेसाठी डॉक्टर 5 ते 10 मिलिग्रॅम देतात. ही पोरं अख्खी पट्टी गिळतात, वर दारू. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, झोपेतच जीव जातो. सवय जडल्यावर गोळी एकदम तोडली तर काही दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, फिट येते. लॉकअपमध्ये फिट आलेल्या पोराला 'नाटकं करतो' म्हणून हिणवतात. घरचे सुधारायला म्हणून खोलीत कोंडतात, तेही तितकंच घातक. मानसोपचारतज्ज्ञ डायझेपाम या त्याच जातीच्या, पण अंगातून सावकाश उतरणाऱ्या गोळीवर आणून डोस हळूहळू, दर एक-दोन आठवड्यांनी साधारण दहावा हिस्सा, उतरवतात. महिने लागतात. तालुक्याला ना तो डॉक्टर, ना ते औषध. मग आईबाप कर्ज काढून बिगरनोंदणीच्या 'केंद्रा'त टाकतात. तिथं उपचार म्हणजे कोंडणं आणि मारणं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं नोंदणी सक्तीची केली, ती तपासतं कोण?

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64-अ खाली, थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळते. किती ठाण्यांत हे पोरांना सांगतात? 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळेतल्या लेकरांना शपथ द्यायची आणि वर्षभर विसरायचं, असा तुमच्या सगळ्या व्यवस्थेचा कारभार आहे. 2019 च्या एम्सच्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच काही उपचार मिळाल्याचं निघालं. दारूला तर तुमच्याच सरकारचा परवाना आहे.

येत्या अधिवेशनात आठही जिल्ह्यांचा हिशेब मांडा: निरीक्षक किती, रजिस्टरं किती तपासली, होलसेलरांचे परवाने किती रद्द झाले. 'चौकशी सुरू आहे' हे उत्तर आम्ही घेणार नाही.

आपला,
एक व्यसनमुक्ती समुपदेशक, परभणी